कसेल त्याची जमीन – आणि जो कसत नव्हता त्याची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयासाठी मी उदाहरण घेतले आहे ते फिलिपाईन्समधील आती नावाच्या एका लहान आदिवासी समाजाचे. इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे की, ज्या घोषणेवर आपल्या पिढ्यांनी लढे उभारले, त्या 'कसेल त्याची जमीन' या घोषणेमागचेच तत्त्व तेथे एका भूमिपुत्र समाजाच्या विरुद्ध वापरले गेले. हे कसे घडले हे समजून घेणे आपल्याला भाग आहे.

प्रथम घटना सांगतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी फिलिपाईन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते बोराकाय बेटावर आले आणि भूसुधारणा कार्यक्रमाखाली चाळीसहून अधिक आती स्त्री-पुरुषांना त्यांनी जमिनीची मालकीपत्रे दिली. एकूण जमीन सुमारे ३.२ हेक्टर, आपल्या हिशेबाने आठ एकरांच्या आसपास. लोकांनी तेथे भाजीपाला लावला. पुढे या जमिनीवर हक्क सांगणारे खाजगी दावेदार उभे राहिले. ही जमीन शेतीस योग्य नाही, सबब ती भूसुधारणेच्या वाटपास पात्रच नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. भूसुधारणा खात्याने तो ग्राह्य धरला आणि मार्च २०२४ मध्ये खाजगी पहारेकऱ्यांनी जमिनीला कुंपण घालून आती कुटुंबांना आत जाण्यास मज्जाव केला.

या व्यवहारातील विपरीत गोष्ट लक्षात घ्या. आती लोक या बेटाचे मूळ रहिवासी आहेत, ही गोष्ट त्या देशात सर्वमान्य आहे. पण हा निर्णय तिच्यावर झालाच नाही. तो झाला मातीच्या प्रतीवर. माणसाचा हक्क मातीच्या प्रतीवर येऊन का अडकला, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आती हे पनाय बेटाचे आद्य रहिवासी. पनाय हे मध्य फिलिपाईन्समधील विसाया द्वीपसमूहातले मोठे बेट. आक्लान, आंतीके, कापिझ आणि इलोइलो हे त्याचे चार प्रांत. शेजारच्या गिमारास बेटावरही आतींच्या वस्त्या आहेत आणि पनायच्या वायव्य टोकासमोरचे चिमुकले बोराकाय हेही मूळचे त्यांचेच. ठेंगणी अंगकाठी, काळा वर्ण आणि कुरळे केस यांवरून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी त्यांना व त्यांच्यासारख्या इतर समाजांना 'नेग्रितो', म्हणजे 'छोटे काळे', असे नाव दिले. तेच नाव पुढे वसाहतकालीन मानववंशशास्त्राने आपल्या अंदमानातील आदिवासींनाही चिकटवले.

त्यांची भाषा इनाती. ती ऑस्ट्रोनेशियन कुळातील असली तरी फिलिपाईन्सच्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी तिचे निकटचे नाते भाषाशास्त्रज्ञांना जोडता आलेले नाही. आज बाजारात, शाळेत आणि मालकाच्या शेतावर आती माणूस किनाराया, हिलिगायनोन किंवा आक्लानोन या शेजाऱ्यांच्या भाषा बोलतो. साहजिकच इनाती घराच्या उंबरठ्याआड मागे सरकत चालली आहे.

या समाजाचे पारंपरिक जीवन नात्यागोत्याच्या लहान तुकड्यांचे आणि फिरते होते. धनुष्यबाणाने रानडुकरांची शिकार करावी, रानातले कंद आणि मध गोळा करावा, ओढ्यात आणि किनाऱ्यावर मासे धरावेत, आणि जोडीला 'काइंगिन' करावी. म्हणजे रानाचा तुकडा तोडून-जाळून एकदोन हंगाम पीक घ्यावे, मग तो विसाव्याला सोडून पुढे जावे. आपल्या कोकणातील कुमरी शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. रानातील मुळ्या, साली आणि पाला यांचे ज्ञान ही आतींची मोठी संपत्ती. सपाटीवरचे लोक त्यांना हीन लेखीत, पण दुखणे हटेनासे झाले की त्यांच्याच जडीबुटीसाठी त्यांच्याकडे जात. आजही पनायच्या गावांतील बाजारात औषधी मुळ्या आणि ताईत विकणाऱ्या आती बाया दिसतात.

या जीवनात जमीन मोलाची होती, पण चार बांध आणि एक धनी अशा रूपात नव्हती. यंदाचे रान पुढल्या वर्षी मोकळे दिसे, कारण ते विसाव्याला सोडलेले असे. परंतु ज्याच्या हाती मोजणीची साखळी आणि नोंदवही आहे, त्याच्या डोळ्यांना विसाव्याचे रान ओसाड दिसते. आतींच्या उपेक्षेचे मूळ या दृष्टिभेदात आहे.

पनायमध्ये एक कथा घरोघरी सांगतात. बोर्निओहून दहा सरदार, ज्यांना 'दातू' म्हणत, आपल्या सुलतानाच्या जुलमाला कंटाळून होड्यांतून पनायला आले. आतींचा राजा मारिकुदो याच्याकडून त्यांनी सपाटीची जमीन विकत घेतली. मोबदला म्हणून राजाला सोन्याची टोपी, 'सालाकोत', आणि राणी मानिवानतिवान हिला सोन्याची लांबलचक माळ मिळाली. मग आती आनंदाने डोंगरात निघून गेले! ही कथा पेद्रो मोंतेक्लारो यांच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मराग्तास' या पुस्तकामुळे सर्वत्र पसरली. ती स्पॅनिशपूर्व काळातील अस्सल दस्तऐवजावर आधारलेली आहे, असा समज बराच काळ होता. विल्यम हेन्री स्कॉट या इतिहास-संशोधकाने १९६८ साली साधनांची छाननी करून तो समज निराधार ठरविला.

स्थानिक परंपरा म्हणून या कथेला मोल आहेच. पण तिचा सामाजिक उपयोग काय झाला तेही पाहिले पाहिजे. एखाद्या समाजाची भूमी दुसऱ्याच्या ताब्यात कशी गेली, या अवघड प्रश्नाला ही कथा सोपे उत्तर देते: त्यांनी ती राजीखुशीने विकली. जणू काही हे एक खरेदीखत आहे. जबरदस्ती नाही, कर्ज नाही, कोर्टकचेरी नाही. एक टोपी, एक माळ, आणि व्यवहार पुरा.

जमिनीचा कायदा मात्र टोपी-माळेने ठरला नाही. स्पॅनिश सत्तेने सर्व भूमी मुळात राजाची, हे तत्त्व आणले. ज्याच्याकडे राजाचा कागद नाही, त्याचा हक्क नाही. १८९४ च्या स्पॅनिश कायद्याने मुदतीत नोंद न झालेल्या जमिनी सरकारजमा होण्याची तरतूद केली. डोंगरातील निरक्षर शिकाऱ्याने नोंदणी करायची तरी कोठे? पुढे अमेरिकन राजवटीने १९०२ साली नवी जमीन-नोंदणी पद्धत आणली. ज्यांच्याजवळ वकील आणि भूमापक होते, त्यांना ती मानवली. स्वतंत्र फिलिपाईन्सच्या राज्यघटनेनेही राजाच्या जागी राज्यसंस्था आणून मूळ तत्त्व कायम ठेवले.

कायद्याच्या जोडीला साखर आली. १८५५ साली इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पनाय व नेग्रोस या बेटांवर निर्यातीच्या उसाने जमिनी व्यापल्या. राने मागे हटली. ज्या आतीच्या हातात धनुष्य होते त्याच्या हातात कोयता आला, आणि तोही दुसऱ्याच्या उसात. आज पनायमधील अनेक आती कुटुंबे खुरपणी-तोडणीच्या मजुरीवर जगतात. उसाच्या फडातले जिणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या कहाणीची दुसरी बाजू. दरवर्षी जानेवारीत आक्लानची राजधानी कालिबो येथे 'आति-आतिहान' नावाचा मोठा उत्सव भरतो. या नावाचा अर्थच मुळी 'आतींसारखे होणे'. बाळ येशूच्या, म्हणजे सांतो निन्योच्या, सन्मानार्थ हजारो लोक तोंडाला काजळी फासून, पिसा-पानांचे पोशाख करून ढोलाच्या तालावर रस्त्यांतून नाचतात. परंपरा सांगते की, एका वर्षी डोंगरात अन्न कमी पडले तेव्हा आती खाली उतरले. सपाटीवाल्यांनी त्यांना धान्य दिले, त्यांनी नाचून आभार मानले, आणि सपाटीवालेही तोंडे काळी करून त्यांच्यात सामील झाले. इलोइलो शहरात १९६८ नंतर सुरू झालेल्या दिनाग्यांग उत्सवातही अंगाला रंग फासलेल्या नर्तकांचे ताफे 'आती' म्हणून नाचत आले आहेत.

सामान्य माणसाच्या आनंदाची आणि भक्तीची टिंगल करण्याचे कारण नाही. लोक मनापासून नाचतात. पण या उत्सवकथेत आतींचे रूप काय आहे, हे विचारले पाहिजे. जमीन विकून डोंगरात गेलेला, भुकेला होऊन खाली आलेला, मूठभर धान्यासाठी कृतज्ञ झालेला आती, हे ते रूप. वर्षातले काही दिवस काळा रंग मोठ्या हौसेने अंगाला लावला जातो. ज्याचा तो रंग जन्माचा आहे त्याला मात्र उरलेले दिवस शाळेत, इस्पितळात आणि कामावर त्याच रंगापायी अवहेलना सोसावी लागते. संस्कृती उचलायची आणि माणूस मागे ठेवायचा, ही रीत जगभरच्या प्रस्थापितांना चांगली अवगत आहे.

आता बोराकायकडे वळू. हे बेट अवघे १,०३२ हेक्टरांचे. पांढऱ्याशुभ्र वाळूमुळे १९७० नंतर परदेशी प्रवाशांची नजर त्यावर पडली आणि १९७८ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या सरकारने इतर बेटांबरोबर त्याला पर्यटन-क्षेत्र जाहीर केले. २०१७ साली तेथे वीस लाखांवर पर्यटक आले. हॉटेले किनाऱ्याला येऊन भिडली. ज्यांनी ही हॉटेले बांधली त्यांपैकी अनेकांजवळ करभरणीच्या पावत्यांपलीकडे मालकीचा कागद नव्हता. २००६ साली राष्ट्राध्यक्ष आरोयो यांच्या घोषणेने ४०० हेक्टर राखीव वन आणि सुमारे ६२९ हेक्टर हस्तांतरणीय जमीन अशी बेटाची विभागणी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती विभागणी मान्य करताना करपावती म्हणजे मालकी नव्हे, हेही सांगितले. कागद नसणे हा जर गुन्हा असेल, तर तो हॉटेलवाल्याने केला आणि आतीनेही केला. हॉटेल उभे राहिले. आती मात्र बेटाच्या कडेकडेने हटत गेला.

१९९७ साली फिलिपाईन्सच्या संसदेने आदिवासी हक्क कायदा केला. पुरातन काळापासून ज्या भूमीवर समाज राहत आला, ती 'पूर्वजांची भूमी' म्हणून मान्य करण्याची तरतूद त्यात आहे. या कायद्याच्या आधारे, आणि डॉटर्स ऑफ चॅरिटी या कॅथॉलिक संघाच्या भगिनींच्या साह्याने, बोराकायच्या आतींनी संघटना बांधून दावा दाखल केला. २०११ साली त्यांना २.१ हेक्टरांचे पत्र मिळाले. १,०३२ पैकी २.१, म्हणजे आपल्याच बेटाचा जवळजवळ पाचशेवा भाग! तोही हाती पडेना. शेवटी २०१२ च्या एप्रिलमध्ये लोकांनी स्वतः आत शिरून झोपड्या घातल्या. या लढ्यातील त्यांचा २६ वर्षांचा प्रवक्ता डेक्स्टर कोंदेझ याचा २२ फेब्रुवारी २०१३ रोजी रात्री गोळ्या घालून खून झाला. सव्वापाच एकरांच्या कागदाची ही किंमत.

पुढे २०१८ साली समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याने बेट सडले, तेव्हा सरकारने ते एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने पर्यटकांना बंद केले. त्यानंतरच आरंभी सांगितलेले ३.२ हेक्टरांचे वाटप झाले.

म्हणजे बोराकायच्या आतींच्या हाती दोन प्रकारचे कागद आले. २०११ चा कागद सांगतो: ही भूमी तुमचीच होती, राज्यसंस्था ते मान्य करीत आहे. २०१८ चा कागद सांगतो: तुम्ही भूमिहीन शेतकरी आहात, राज्यसंस्था तुम्हाला जमीन देत आहे. पहिला मान्यतेचा कागद आहे, दुसरा देणगीचा. देणगीला अटी असतात. १९८८ चा फिलिपाईन्सचा भूसुधारणा कायदा शेतजमिनीसाठी आहे. जमीन शेतीची नाही असे ठरले की वाटपाचा पायाच कोसळतो आणि घेणाऱ्याचा हक्कही त्याबरोबर जातो. शिकारी, कोळी आणि वैदू असलेल्या समाजाला राज्यसंस्थेने शेतकऱ्याच्या रकान्यात बसविले. पुढे त्या रकान्याचे नियम दाखवून त्याला उठविले.

येथेच आपल्या घोषणेचा संबंध येतो. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा जमीनदारीविरुद्ध जन्मली. जमीनदार कसत नव्हता आणि कुळ कसत होते. तेथे श्रम हाच हक्काचा आधार होता आणि तो योग्यच होता. पण या घोषणेतून नकळत असाही अर्थ निघतो की, जो नांगर धरीत नाही त्याचा भूमीशी संबंध नाही. मध काढणारा, कंद खणणारा, मासे धरणारा, रान विसाव्याला सोडणारा, यांचे श्रम नांगराच्या मापात बसत नाहीत. बसत नाहीत म्हणून ते श्रमच नव्हेत, असे म्हणणारा समाजवाद अपुरा आहे. भूमी हे उत्पादनाचे साधन आहे खरे. परंतु आतींसाठी ती पूर्वजांची दफनभूमी, औषधांचे कपाट आणि मुलांची शाळाही आहे. इनाती भाषेतले झाडपाल्याचे शब्द मुलांनी शिकायचे ते झाडपाल्यातच. ते रान गेले की शब्द जातात, आणि मग संस्कृती म्हणून उरतो तो फक्त काजळीचा नाच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पर्यटनाने रोजगार आणला. दोनशे माणसांसाठी विकास अडवायचा काय? उत्तर असे की, आतींनी विकास अडविलेला नाही. एक हजार हेक्टरांपैकी दोन्ही कागदांची मिळून साडेपाच हेक्टरही जमीन होत नाही. एवढीही ज्याला सहन होत नाही, त्या विकासाची भूक कशानेही भागणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या लोकांना धनुष्यबाणात आणि झोपडीत कायम ठेवायचे आहे काय? मुळीच नाही. आती तरुण शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत, मोबाईल वापरीत आहेत, बरेचजण ख्रिस्ती झाले आहेत. बदलण्याचा हक्क त्यांना आहेच. शिकारीऐवजी भाजी लावली म्हणून पूर्वजांची भूमी परकी होत नाही, तशीच ती भाजीला निकृष्ट ठरली म्हणूनही परकी होऊ नये. आम्हा-तुम्हाला वाडवडिलांचे घर वारसाहक्काने मिळते, तेव्हा त्यात आपण कोणता धंदा करणार असे कोणी विचारीत नाही. आदिवासीलाच तो प्रश्न का?

हे तत्त्व कायद्याला अपरिचित आहे, असेही नाही. उत्तर लुझोनमधील इबालोय समाजाच्या मातेओ कारिन्यो या माणसाने आपल्या गुरचरणीच्या जमिनीसाठी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९०९ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला की, स्मरणातीत काळापासून लोकांनी स्वतःची म्हणून वहिवाटलेली जमीन कधी सरकारी नव्हतीच, असे गृहीत धरले पाहिजे. वसाहतवादी सत्तेच्याच न्यायालयाने हे म्हटले, ही इतिहासाची विसंगती. १९९७ चा आदिवासी हक्क कायदा याच विचारावर उभा आहे. २००० साली त्याला फिलिपाईन्सच्या सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा न्यायाधीशांची मते सात विरुद्ध सात अशी पडली आणि निव्वळ समसमान मतांमुळे याचिका फेटाळली जाऊन कायदा वाचला. इतक्या अरुंद कठड्यावर हा हक्क उभा आहे.

आपल्या कामाशी याचा संबंध एवढाच सांगून मी आटोपते घेतो. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच 'मान्यता' हा शब्द आहे, आणि त्याची उद्देशिका ऐतिहासिक अन्यायाची कबुली देते. तरीसुद्धा दाव्यांचे अर्ज भरताना आपले कार्यकर्ते बहुधा कसलेल्या तुकड्याचाच दावा आधी लिहितात, कारण बांध दाखविता येतो आणि पंचनामा सोपा जातो. त्याच गावाचे मधाचे, डिंकाचे, कंदांचे, मासेमारीचे, देवराईचे सामूहिक हक्क मात्र 'नंतर पाहू' म्हणून राहून जातात. तो दावाही त्याच दिवशी, त्याच बैठकीत लिहिला गेला पाहिजे. आणि सरकारी अधिकारी कागद देताना 'सरकारने तुम्हाला जमीन दिली' असे म्हणाला, तर तेथल्या तेथे उठून त्याला सांगितले पाहिजे की, साहेब, दिली नाही. आमची होती ती मानली. शब्दांचा हा हट्ट क्षुल्लक नाही. दिलेली वस्तू परत मागता येते, हे बोराकायच्या आतींना कुंपण पडले त्या दिवशी कळले.

एवढे बोलून मी थांबतो.